विकलेली पेन्शन आणि मुलांची पोटगी

सरकारी नोकरीतून निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेता येतात. नियमांत याला निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण म्हणतात, कचेरीत आणि गावात मात्र सगळे ‘पेन्शन विकली’ असेच म्हणतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूळ पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो, सैन्यदलातल्या निवृत्तांना 50 टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्र शासनाच्या सेवेसाठी 1984 चे स्वतंत्र नियम आहेत. विकलेला भाग 15 वर्षांनी पेन्शनमध्ये पुन्हा जमा धरला जातो.

हिशेब मांडला की मुद्दा उलगडतो. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याची मूळ पेन्शन 40,000 रुपये धरली, तर 40 टक्के म्हणजे महिन्याचे 16,000 रुपये विकता येतील. त्याला 12 ने आणि मग वयानुसार ठरलेल्या 8.194 या गुणकाने गुणले की 15 लाख 73 हजार 248 रुपये होतात. ते एका दिवशी बँकेत जमा होतात आणि सरकारी कर्मचाऱ्याला त्यावर आयकर लागत नाही. पुढे दरमहा मूळ पेन्शन 24,000 रुपयेच मिळते. महागाईवाढ मात्र विकण्याआधीच्या, म्हणजे पूर्ण 40,000 रुपयांवरच मोजली जाते.

पोटगीचा वाद नेमका या 24,000 च्या आकड्यावरून सुरू होतो. विभक्त वा घटस्फोटित वडील पेन्शनची पावती न्यायालयापुढे ठेवतात, उत्पन्न घटल्याचे सांगतात आणि मुलाची पोटगी कमी करून मागतात. निवृत्तीच्या वयात अंगावर लहान मूल असणे विरळ, असे वाटू शकते, पण तसे नाही. फौजी जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतच पेन्शनीत येतो. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या किती तरी घरांत बाप पेन्शनर आणि मुले प्राथमिक शाळेत, हे नेहमीचे चित्र आहे. शिवाय उशिरा झालेली लग्ने आणि स्वेच्छानिवृत्ती आहेतच.

मुलाच्या पोटगीचा हक्क आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होता. धर्म कोणताही असो आणि आईवडिलांचा विवाह झालेला असो वा नसो, हे कलम अज्ञान मुलाला लागू होते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 अविवाहित मुलीला सज्ञान झाल्यावरही, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, हा हक्क देतो. पगाराच्या अमुक टक्के पोटगी, असे सूत्र कोणत्याही कायद्यात नाही. ‘पुरेशी साधने’ असलेल्या बापाने मुलाला पोसायचे, एवढेच संहिता म्हणते. साधने म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पैसाच नव्हे. बँकेतली ठेव, घर, जमीन, उपदान (ग्रॅच्युइटी), रजारोखीकरण हे सारे त्यात येते. म्हणून पेन्शन विकून हाती आलेले पंधरा लाखही साधनच आहे, त्याचे रूप तेवढे बदलले.

इथे एक भेद जपायला हवा. निवृत्तीने पगार थांबून पेन्शन सुरू होते, तेव्हा उत्पन्न खरोखरच घटते आणि ते बापाच्या हातात नसते. परिस्थितीतला असा बदल दाखवून त्याच संहितेच्या कलम 146 खाली पोटगी कमी करून मागण्याचा त्याला हक्क आहे आणि न्यायालयाने तो विचारात घेतलाच पाहिजे. पेन्शन विकणे मात्र ऐच्छिक आहे. पोटगी ठरवताना न्यायालये सर्वसाधारणपणे आयकरासारख्या सक्तीच्या कपाती वजा करतात आणि स्वखुशीने घेतलेल्या कर्जाचे हप्ते वा बचत वजा करत नाहीत. तोच न्याय इथे लागला पाहिजे. विकण्याआधीची पूर्ण पेन्शन हाच हिशेबाचा पाया. पेन्शन विकून आलेली रक्कम मूल राहते त्याच घराच्या कर्जफेडीला वा मुलाच्याच उपचाराला गेली असेल, तर तेवढ्यापुरती सवलत रास्त आहे. नव्या प्लॉटमध्ये किंवा भावाच्या धंद्यात घातली असेल, तर त्याचा भार मुलावर टाकण्याला कसलाही आधार नाही.

ही एकरकमी रक्कम लपवली जाण्याची शक्यता मोठी असते. ती करमुक्त असल्याने करपात्र उत्पन्नाच्या आकड्यात दिसत नाही. यावर उत्तम हत्यार सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात दिले. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र ठराविक नमुन्यात द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर व्हायची, असे त्यात ठरले. शपथपत्रात एकरकमी पैसे दडवले गेले आणि पेन्शन मंजुरीचा आदेश समोर आला, तर खोटेपणा कागदावरच उघडा पडतो. विकलेला भाग आणि मिळालेली रक्कम दोन्ही त्या आदेशात नोंदलेली असतात. आईच्या वकिलाने तो कार्यालयाकडून मागवण्याची विनंती न्यायालयाला केलीच पाहिजे.

वसुलीचा प्रश्न याहून अवघड. पेन्शन कायदा, 1871 चे कलम 11 धनकोच्या मागणीसाठी पेन्शनवर जप्ती आणू देत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्येही पेन्शन व उपदानाला संरक्षण आहे आणि भविष्य निर्वाह निधीलाही. थकबाकीदार बाप याच ढालीआड उभा राहतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये ती ढाल पोटगीपुरती दूर केली. पत्नी ही धनको नव्हे, म्हणून तिच्या पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते, असा तो निर्णय आहे. जी गोष्ट पत्नीची, ती मुलाची अधिकच. मूल काही बापाला उधार देऊन बसलेले नसते. कलम 60 चीही दिशा हीच आहे. इतर देण्यांसाठी पगाराचा जेमतेम एक तृतीयांश भाग जप्तीत येतो, पोटगीच्या हुकुमासाठी दोन तृतीयांशांपर्यंत. पोटगी हे साधे कर्ज नव्हे, हे कायदेमंडळाने फार पूर्वीच मान्य केलेले आहे.

एकदा पैसे बँकेत आले की वाट अधिक निसरडी होते. बँकेच्या कर्जवसुलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीच्या रकमा मुदत ठेवीत ठेवल्या तरी त्यांचे संरक्षण कायम राहते, असे म्हटले आहे. पोटगीच्या दरखास्तीत बापाकडून हा निकाल पुढे केला जाईल. त्याला उत्तर नागपूरच्या निकालातच आहे, कारण बँक धनको असते आणि मूल नसते. तरीही संसदेने कलम 60 मध्ये दोन ओळी घालून हा प्रश्न कायमचा मिटवायला हवा. प्रत्येक आईने हाच युक्तिवाद नव्याने लढत राहणे अन्यायाचे आहे.

तोवर भिस्त वेळेवर. पेन्शनची कागदपत्रे निवृत्तीच्या काही महिने आधीच तयार होऊ लागतात. आईच्या नुसत्या अर्जावर कार्यालय वा कोषागार रक्कम रोखत नाही, त्याला न्यायालयाचा आदेश लागतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 18 खाली मालमत्तेची विल्हेवाट लावण्यास आणि बँक खाते वापरण्यास मनाई मागता येते. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली दावा असेल तर पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर चढवून मागता येतो. तो हुकुमात लिहिलेला नसेल तर आपोआप चढत नाही. नागरिक सुरक्षा संहितेखालच्या थकबाकीची वसुली, रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तरच वॉरंटने होते. ही मुदत हुकल्याने अनेक आया हक्काच्या पैशाला मुकतात.

हेच प्रश्न नव्या पेन्शन योजनेत पुढे येणार आहेत. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 रोजी वा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांवर आधी अंशदायी आणि मग राष्ट्रीय पेन्शन योजना आली. तीत सरकारी कर्मचाऱ्याला नियत वयात निवृत्त होताना साठलेल्या निधीच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम एकदम मिळू शकते. तिथे मासिक आकडा आणखी लहान दिसेल आणि एकरकमी वाटा मोठा, म्हणून नुसत्या मासिक पावतीवर पोटगी ठरवणे आणखी चुकीचे ठरेल.

पोटगीपलीकडचा एक हक्कही लक्षात ठेवायला हवा. वडिलांनी पेन्शन विकली तरी त्यांच्या मृत्यूनंतर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन घटत नाही. घटस्फोटाने आईचा त्यावरचा हक्क जातो, मुलांचा जात नाही. केंद्राच्या नियमांत तो सर्वसाधारणपणे वयाच्या 25 वर्षांपर्यंत, किंवा त्याआधी विवाह वा कमाई सुरू होईपर्यंत असतो. त्यासाठी पेन्शनच्या कागदांतील कुटुंबाच्या तपशिलात मुलांची नावे असणे महत्त्वाचे आहे. ज्या आयांची प्रकरणे आज न्यायालयात आहेत त्यांनी पोटगीच्या अर्जातच ती नावे नोंदवून देण्याचा आदेश मागावा.