राक्षसपट आणि काठावरची माणसे

गेल्या चैत्रात भाच्याकडे किलवणीला चार दिवस राहण्याचा योग आला. भाचा सिल्वासाच्या एका कारखान्यात नोकरीला. पण शहरातल्या गर्दीला कंटाळून त्याने किलवणीत घर केले आहे. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर शेजारची पाच-सहा मुले जमत आणि भाच्याच्या हातातल्या फोनवर डोकी एकमेकांना भिडवून चित्रपट पाहत. त्या दिवशी लागला होता 2021 सालचा ‘गॉडझिला विरुद्ध काँग’. इमारती काड्यापेट्यांसारख्या कोसळत होत्या, समुद्र उसळत होता, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर दोन अजस्र प्राणी एकमेकांना लोळवत होते. मुलांपैकी एकाने मध्येच विचारले, “त्याच्या आत कोण आहे?”

भाचा म्हणाला, “आत कोणी नाही रे. यंत्रावर काढलेले चित्र आहे.”

मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, “मग त्याला घाम येत नाही.”

भाचा माझ्याकडे पाहून हसला. “मामा, घ्या! तुमच्या लेखाला विषय.” त्याने थट्टेत म्हटले खरे, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

मुलाला तो का सुचला, हे दुसऱ्या रात्री उमगले. खानवेलच्या बाजूला एका पाड्यावर भवाडा होता. जव्हार-मोखाड्याकडे ज्याला बोहाडा म्हणतात, त्याच्याशी नाते सांगणारा हा कोकणा लोकांचा मुखवट्यांचा उत्सव. टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग पुढे येते, वाद्यांच्या ठेक्यावर मागेपुढे डुलते, आणि रावण आला की पुढची पोरे किंचाळत मागे सरतात. पण त्याच क्षणी त्यांच्यातले कोणी तरी ओरडते, “अरे, हा तर आपला अमका!” भय आणि ओळख एकाच श्वासात. माझ्या शेजारी बसलेली एक बाई मुखवट्याकडे पाहतच नव्हती. तिचे डोळे त्या सोंगाच्या पायांकडे होते. मागाहून कळले, आतला माणूस तिचा नवरा, आणि आठवडाभर तो तापाने अंथरुणाला खिळला होता. पाड्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते. त्या रात्री रावणाच्या प्रत्येक पावलाला जो जीव होता, तो लाकडाच्या मुखवट्यातून आलेला नव्हता.

राक्षसपटांचा प्रश्न मला इथे येऊन ठेपतो. आपल्या सुशिक्षित घरांत या चित्रपटांकडे नाक मुरडण्याची रीत आहे: पोरखेळ, नुसती आदळआपट! ते सर्वस्वी खरे नाही. अचाट दृश्याची ओढ ही काही परदेशाहून आलेली व्याधी नव्हे. आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत, तेही आपले आडनाव उलटे करून, ‘केळफा’ या नावाने. त्यांनी 1919 साली ‘कालिया मर्दन’ काढला. आपल्याकडला पहिल्या पिढीचा राक्षसपट म्हणायचा तर हाच. पाण्यातला महाकाय सर्प, त्याच्याशी झुंजणारा बालकृष्ण. आणि कृष्ण झाली होती फाळक्यांचीच लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभीच फाळके तिचा चेहरा दाखवतात. साधी मुलगी, कधी हसते, कधी रुसते, कधी रागावते. आणि मग त्या चेहऱ्यातूनच कृष्ण प्रकटतो. म्हणजे सोंगाच्या आत कोण आहे, ते आधीच सांगून टाकले! शंभर वर्षांपूर्वीच्या त्या जादूगाराला भवाड्यातल्या पोरांइतकेच पक्के माहीत होते की ओळख पटल्याने भय कमी होत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पाण्याखाली झुंज चालू असताना फाळके पुन्हा पुन्हा काठावर येतात. तिथे यशोदा आहे, गोकुळातली माणसे आहेत, आकांत आहे. सर्प किती हात लांबीचा होता, हे आज कोणाला आठवणार? काठावरचा जीव टांगणीला लागतो म्हणून पाण्यातली झुंज आपली होते. ‘संत तुकारामा’त (1936) प्रभातने शेवटी वैकुंठाचे विमान आणले, त्या काळी प्रेक्षकांनी त्याला हात जोडले असतील, पण मनात राहिली ती गौरीबाईंची चिडकी, कष्टाळू जिजाई.

जपानकडे वळू. पहिला ‘गोजिरा’ तिकडे 3 नोव्हेंबर 1954 रोजी पडद्यावर आला. आपल्याकडे त्याच वर्षी 22 जुलैला दादरा मोकळे झाले आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. त्या मोहिमेत चित्रपटांना चाली देणारे सुधीर फडके होते, हे जुन्या घरांना सांगायला नको. त्याच साली मार्चमध्ये अमेरिकेने पॅसिफिकमध्ये हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली आणि एका जपानी मासेमारी बोटीवरचे 23 खलाशी त्या राखेने भाजून निघाले. ‘गोजिरा’ची सुरुवात बोटीनेच होते. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी युद्धावरून परतताना हिरोशिमाचे उद्ध्वस्त रूप डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांचा राक्षस शहर तुडवतो तेव्हा कॅमेरा एका आईपाशी थांबतो. ती लेकरांना पोटाशी धरून सांगते की आता आपण लवकरच तुमच्या बाबांकडे जाणार. बाबा कुठे गेले, ते सांगावे लागत नाही. युद्ध संपून नऊच वर्षे झाली होती.

आणि आत माणूस होता! हारुओ नाकाजिमा हा नट शंभर किलोंच्या घरातला रबरी पोशाख चढवून, दिव्यांच्या धगीत, एका वेळी काही मिनिटेच चालू शके. किलवणीच्या मुलाच्या शंकेचे उत्तर असे की, त्या राक्षसाला घाम येत होता, अगदी निथळत होता.

पुढे पोशाख गेला, यंत्र आले. यंत्राला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. 2024 च्या मार्चमध्ये हे लख्ख दिसले. ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गॉडझिला मायनस वन’ला दृश्यचमत्कारांसाठीचे ऑस्कर मिळाले, आणि त्याच महिन्यात अमेरिकेचा ‘गॉडझिला आणि काँग’चा नवा भाग झळकला, त्याच्या सुमारे नऊ-दहा पट खर्चाचा. पहिल्यात राक्षस थोडा वेळ दिसतो. चित्रपट व्यापला आहे तो आत्मघातकी हल्ल्याला निघून, विमान बिघडल्याचे सोंग करून परतलेल्या एका वैमानिकाने. त्याच्या शरमेने, आणि रक्ताचे नाते नसताना त्याच्या झोपडीत येऊन राहिलेल्या एका तरुणीने व पोरक्या मुलीने. हा माणूस जगण्याचा हक्क स्वतःला देईल की नाही, अशी धास्ती लागून राहते. शहर वाचेल की नाही, ही चिंता तिच्या मागून येते. दुसऱ्यात राक्षसांची गर्दी आहे आणि माणसे त्यांची ओळख करून देण्यापुरती. गल्ल्याच्या हिशेबात जिंकला दुसराच, हेही नोंदवले पाहिजे. तरी ओसरीवरच्या मुलांनी 2021 च्या त्या चित्रपटात एकच प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला: मुक्या-बहिऱ्या मुलीला काँग हातांच्या खुणेने ‘घर’ म्हणतो, तो.

आपल्या मातीतला ‘तुंबाड’ही हेच सांगतो. 2018 साली तो आला तेव्हा फार गर्दी झाली नव्हती. 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा अधिक चालला. त्यातला हस्तर भयंकर खरा; पण त्याच्यापुढे पिठाची बाहुली टाकून मुद्रा ओरबाडणारा कोकणी ब्राह्मण, आणि बापाच्याही पुढे जाऊ पाहणारा त्याचा पोरगा, यांची भीती अधिक वाटते.

निघण्याच्या आदल्या दिवशी भाच्याने दुधनीला नेले. दमणगंगेवर मधुबनचे धरण झाले आणि या बाजूला दूरवर पाणी पसरले. आता तिथे नावा फिरतात, लोक हात पसरून छायाचित्रे काढतात. दृश्य अप्रतिम आहे, कोणत्याही मोठ्या पडद्याला शोभेल असे. आमचा नावाडी मध्यावर आल्यावर वल्हे थांबवून म्हणाला, “इथे आमचे शेत होते. बा सांगायचा, पाणी चढले तेव्हा आजा घराची दारे काढून खांद्यावर घेऊन वर गेला.”

भाच्याने विचारले, “दारेच का?”

“सागाची होती,” नावाडी म्हणाला. “अजून आहेत.”