चष्मा कुणाच्या डोळ्यांत खुपतो?

पाहुणे मुलगी बघायला येणार असले की घरात पहिला हुकूम सुटतो, 'चष्मा काढून ठेव.' मग ती पोह्यांच्या बश्या घेऊन अंदाजाने बाहेर येते. चारजण तिला न्याहाळून घेतात. तिला मात्र ज्याच्याबरोबर जन्म काढायचा तो मुलगा धूसर दिसतो! कोल्हापूरच्या पेठांतून आणि आसपासच्या गावांतून हे अजून चालतं. आता त्यापुढची पायरी आली आहे. चष्मा लपवण्यापेक्षा डोळ्यांचं ऑपरेशनच करून टाकायचं. दागिने, साड्या, हॉल आणि लेसर, सगळं लग्नाच्या एकाच यादीत.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत मुली बी. एस्सी., एम. कॉम. झाल्या. शिकलेली सून सगळ्यांना हवी आहे, फक्त तिच्या नाकावर चष्मा नको. मुलाला चष्मा असला तर तो 'अभ्यासू' दिसतो.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. मैदानावर खेळणारी मुलगी, घामाने चष्मा घसरणारी कामगार बाई, किंवा नुसता कंटाळा आला म्हणून चष्मा नको असलेली कुणीही ते करून घेवो. योग्य तपासणीनंतर केलेलं हे ऑपरेशन बहुतेकांना मानवतं. माझा विरोध आहे तो मुहूर्त पाहून डोळ्यांवर लेसर मारण्याला.

बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसर या पडद्याचा काही भाग काढून त्याचा आकार बदलतो. नंबर जितका मोठा, तितका जास्त भाग जातो, आणि गेलेला परत येत नाही. पडदा मुळात पातळ असेल किंवा केरॅटोकोनस नावाचा आजार दडून बसलेला असेल, तर ऑपरेशननंतर तो कमजोर होऊन पुढे फुगू शकतो. मग साध्या चष्म्यानेही नीट दिसत नाही. हा आजार बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान डोकं वर काढतो, म्हणजे ऐन आपल्याकडच्या लग्नाच्या वयात. म्हणून नुसता नंबर काढून भागत नाही. पडद्याची जाडी आणि आकार यंत्रावर तपासलेच पाहिजेत. त्याआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निदान एक-दोन आठवडे, आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवाव्या लागतात.

वय अठरा पूर्ण हवं आणि नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. सोयरीक जमली म्हणून नंबर स्थिर होत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना तो हलू शकतो, त्यामुळे त्या काळातही ऑपरेशन टाळतात. डोळ्यांच्या कोरडेपणाची तक्रार मुळात बायकांतच जास्त, आणि लेसरनंतर ती काही महिने वाढते, काहींची टिकूनही राहते. त्यातच लग्नाआधी चेहरा साफ व्हावा म्हणून मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतात. त्यांनीही डोळे कोरडे पडतात. त्या गोळ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायच्या असतात, हे मुलीला कोण सांगतं? ऑपरेशननंतर डोळे चोळायचे नाहीत, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, काही दिवस काजळ-मेकअप लावायचा नाही. आणि इथे पुढच्या आठवड्यात हळद असते!

जाहिरातीत 'चष्म्यातून कायमची मुक्ती' असते. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतोच, हे तिथे नसतं. रात्री गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, हेही नसतं. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा आतला पडदा सुटण्याचा धोका लेसरने कमी होत नाही, तेव्हा तपासणी पुढेही चालूच ठेवायची. साडेसातच्या आतल्या नंबराचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही. आणि साताऱ्याच्या सुरेखा यादवांसारखं रेल्वेचं इंजिन चालवायचं कुणाच्या मनात असेल, तर आधी भरतीचे नियम वाचा. त्या जागेसाठी लेसर केलेले उमेदवार घेत नाहीत.

सर्वांत मोठा घोटाळा लपवण्यातून होतो. 'सासरी बोलू नकोस' म्हणून ऑपरेशनची फाईल माहेरच्या कपाटात राहते. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर ठरवायला हेच जुने कागद उपयोगी पडतात. काचबिंदूच्या तपासणीतही लेसर झालेल्या डोळ्याचा दाब असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो. कागद स्वतःजवळ ठेवा, आणि प्रत्येक डॉक्टरला सांगा.

संमतीपत्रावर सही कुणाची? समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सज्ञान बाई स्वतः निर्णय घेऊ शकत असताना तिच्या आईची संमती चालत नाही. तिथे बाई बेशुद्ध असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढलं होतं. इथे मुलगी शुद्धीवर असते, सहीही तीच करते, पण बोलणी वडील आणि काका करतात. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारावं, 'तुला हे हवंय का?' दोन मिनिटं लागतात.

आणि वधूवर सूचक मंडळांच्या अर्जांत 'चष्मा : आहे/नाही' हा रकाना कशाला? आपल्या गावातल्या मंडळांचे अर्ज गोळा करा, आणि तो रकाना काढा म्हणून त्यांच्या दारात जाऊन बसा. पुढच्या तुळशीच्या लग्नाच्या आत.