सोवळ्यातले कान

आमच्या मंडळात दर वर्षअखेरीस एक बैठक होते. सरत्या वर्षात ऐकलेली आपल्या आवडीची पाच गाणी प्रत्येक सभासदाने सांगावी, ती का आवडली हे चार-दोन वाक्यांत मांडावे, जमल्यास एखादे ऐकवावे आणि मग चहा-चिवडा घेऊन पांगावे, असा तिचा साधा क्रम. ही बैठक मुळात कोणाच्या माडीवर सुरू झाली याविषयी दोन घराण्यांत अद्याप वाद आहे, आणि तो मिटू नये अशीच आमची इच्छा आहे. वाद चालू आहे तोवर बैठकही चालू राहील.

गेल्या बैठकीत जे घडले ते मात्र वाद घालण्याजोगे असूनही त्यावर कोणी वाद घातला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्यातल्याच एका जुन्या घराण्यातील, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी प्रथमच यादी घेऊन आली होती. तिची पाच गाणी अशी : शिशुनाळ शरीफांचे एक तत्त्वपद, सी. अश्वत्थ यांच्या आवाजातले. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायलेले अक्कमहादेवीचे एक वचन. भीमसेन जोशी यांचा एक तुकारामाचा अभंग. संजू राठोड यांचे 2025 मधील ‘शेकी’. आणि एक कानडी चित्रपटगीत. प्रत्येकाविषयी ती बोलली आणि छान बोलली. शरीफांच्या पदाचा अर्थ तिने ओळीओळीने सांगितला. तिचे बोलणे संपल्यावर अध्यक्षस्थानावरून एवढेच सांगण्यात आले की, ‘ही मराठी मंडळाची बैठक आहे, बाळ.’ महिन्याभराने इतिवृत्त हाती आले तेव्हा त्यात तिच्या नावापुढे दोन गाणी होती. तिन्ही कानडी गाणी गळली होती. ‘शेकी’ राहिले ते बहुधा कोणाला ते कशाचे नाव आहे हे कळले नाही म्हणून.

आम्ही त्या बैठकीत उपस्थित होतो आणि गप्प बसलो, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रथम यादीविषयी. बैठकीचा प्रश्न ‘या वर्षी काय ऐकले’ असा आहे. ‘जन्मात काय ऐकले’ असा नाही. हा फरक आम्हां ज्येष्ठांच्या केव्हाच विस्मरणात गेला आहे. आम्ही घरी जाऊन आमच्या जुन्या वह्या काढल्या. सलग अकरा वर्षे आमच्या यादीत तीच पाच गाणी होती, क्रमसुद्धा तोच, आणि त्यांतले सर्वांत नवे गाणे आमच्या लग्नाच्या आधीचे. इतरांच्या याद्याही फारशा निराळ्या नाहीत. दोन नाट्यपदे, एक भावगीत, एक अभंग, आणि उदारपणा दाखवायचा असला तर एक हिंदी चित्रपटगीत. याला आवड म्हणत नाहीत, याला नित्यपाठ म्हणतात. जुने गाणे यादीत घेऊ नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु ते या वर्षी पुन्हा का भेटले, त्यात या वर्षी निराळे काय ऐकू आले, हे सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर ते गाणे आपण ऐकलेले नसते. ते फक्त वाजलेले असते.

याच्या उलट टोकाला आता भ्रमणध्वनी उभा आहे. डिसेंबर उजाडला की तो स्वतःच आपल्याला आपली यादी तयार करून देतो : अमुक गाणे तुम्ही इतक्या वेळा ऐकले. एका सभासदांनी गेल्या खेपेस तीच वाचून दाखवली, आणि पहिल्या क्रमांकावर नातवाला झोपवताना लावायचे अंगाईगीत निघाले. मोजणीने क्रम लावण्याची हौस नवी नाही. 1952 साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’त अमीन सायानी तबकड्यांच्या विक्रीवरून आणि श्रोत्यांच्या पसंतीवरून गाणी पायऱ्यांवर चढवत-उतरवत असत, आणि बुधवारी रात्री आठला आमच्या घरातही कोणी मोठ्याने बोलत नसे. पण तो हजारो लोकांचा कौल आहे हे ते लपवत नव्हते. स्वतःची आवड मोजून कळत नाही. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि तो गाणे शिकायला घर सोडून निघाला. भीमसेनांनी ती तबकडी किती वेळा ऐकली, हे विचारण्याचे कोणाला कधी सुचले नाही.

हे झाले आमच्या सवयीविषयी. खरा तंटा पुढे आहे.

कानडी गाणे मराठी मंडळाच्या यादीत बसत नाही, असे म्हणणाऱ्यांची भीती आम्ही जाणतो. ती आमचीही आहे. आमच्या घरातल्या नातवंडांना देवनागरी वाचता येते ती शाळेतल्या हिंदीच्या कृपेने. ती आमच्याशी मराठीत बोलतात, आपसांत कानडीत भांडतात आणि हिशेब इंग्रजीत करतात. पणजोबांचे मोडीतले कागद पेटीत आहेत आणि ते वाचणारे घरात कोणी उरलेले नाही. अशा घरात ‘निदान वर्षातून एक संध्याकाळ तरी निखळ मराठी असू द्या’ ही मागणी हास्यास्पद नाही. तिला हसणाऱ्यांनी आमच्यासारखे दोन भाषांच्या उंबरठ्यावर आयुष्य काढून पाहावे.

पण त्या संध्याकाळी मराठी कशात होती? त्या मुलीने शरीफांचे पद ऐकवले ते कानडीत, आणि त्याचा उलगडा केला तो मराठीत. घर, गळके छप्पर, देह आणि गुरू यांविषयीचा तो विचार मांडण्यासाठी तिला मराठी शब्द शोधावे लागले. दोनदा ती अडखळली, एकदा आजीकडे पाहून तिने शब्द विचारून घेतला. त्या दहा मिनिटांत तिच्या मराठीने जेवढी कसरत केली तेवढी आमच्या अकरा वर्षांच्या याद्यांनी आमच्या मराठीकडून करवून घेतली नाही. नाट्यपदाचे नाव घेऊन ‘यावर काय बोलायचे, अवीटच!’ असे म्हणून खाली बसायला भाषा लागतेच कुठे? बैठकीतली मराठी गाण्यात नसते, ती कारण सांगण्यात असते. इतिवृत्तातून आम्ही तीन कानडी गाणी काढली असे आम्हांला वाटते. प्रत्यक्षात काढले ते तीन मराठी निरूपणांना.

दुसरे असे की, ज्याला आपण निखळ मराठी म्हणतो ते गाणे कुठून आले? कानडा विठ्ठलाचा दाखला आम्ही मुद्दामच देत नाही. तो सभा-संमेलनांत इतका वापरला गेला आहे की आता विठ्ठलालाही त्याचा कंटाळा आला असेल. आपण रंगभूमीचेच पाहू. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले, तसे काही आपल्या भाषेत व्हावे अशी त्यांना इच्छा झाली, आणि त्यांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ करून संगीत नाटकाचा पाया घातला ते जन्मले आपल्याच मुलखात, गुर्लहोसूरला, आणि त्यांच्या पदांत कानडी चाली सुखाने नांदत आहेत. कुंदगोळचे रामभाऊ, मातृभाषा कानडी. मराठी नाटकात त्यांच्या स्त्री-भूमिका आणि गाणे ऐकून अमरावतीला दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हटले आणि पुढे ते नावच त्यांचे नाव झाले. त्यांच्याच शिष्या गंगूबाई. 1930 च्या दशकात ‘गांधारी’ या नावाने निघालेल्या त्यांच्या तबकड्यांत ग. ना. जोशी यांच्याबरोबर गायलेली मराठी भावगीते आहेत. हुबळीच्या या बाईंच्या घरी मराठी बोलली जात नव्हती. तेव्हाच्या एखाद्या कानडी मंडळाने आपल्या इतिवृत्तातून त्या तबकड्या गाळल्या असत्या तर आपण त्या मंडळाला काय म्हटले असते?

उलट दिशेचा दाखला धारवाडच्या साधनकेरीत आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे मराठी घरातले. कविता लिहिली ती ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने कानडीत, आणि 1973 चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले ते ‘नाकुतंती’ या कानडी संग्रहाला. मराठीतही त्यांनी लिहिले. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांना ते बाजारात भेटत आणि मराठीत बोलत. आपण त्यांचा अभिमान सांगतो, त्यांच्या घरावरून पाहुण्यांना फिरवून आणतो, आणि त्यांच्या भाषेतले गाणे एका मुलीच्या यादीत आले की खोडतो.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आपल्या लोकांत सांगितली जात नाही. मुंबई इलाख्याच्या काळात या भागात कचेरीत, शाळेत, नाटकात मराठीचे वजन होते आणि कानडी माणूस आपल्याच गावात संकोचाने बोलत असे. 1890 मध्ये धारवाडात रा. ह. देशपांडे यांनी कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापला तो या अवस्थेवर उपाय म्हणून. ‘ही अमुक भाषेची बैठक आहे, बाळ’ हे वाक्य तेव्हा आपल्या बाजूने कितीदा उच्चारले गेले असेल याचा विचार आम्ही करतो तेव्हा मान वर होत नाही. 1956 नंतर फासा उलटला, सीमेच्या प्रश्नाने मने कडू झाली, ते सारे आम्ही पाहिले आहे आणि सोसलेही आहे. पण सोसलेल्याने तेच दुसऱ्याला करावे असा काही नेम नाही.

गाळण्याचा उपाय लागू पडत नाही, याचा पुरावाही आपल्याच माणसाने देऊन ठेवला आहे. डॉ. बा. वि. केसकर 1952 ते 1962 या काळात केंद्रात नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे मोठे प्रेमी. आकाशवाणीवरच्या अखिल भारतीय कार्यक्रमांतून थोर गवई घरोघर पोचले याचे श्रेय त्यांना आहे, आणि 1950 मध्ये सुरू झालेल्या आपल्या धारवाड केंद्रालाही त्या धोरणाचा लाभ झाला. पण देशाचे कान शुद्ध करायचे म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. परिणाम काय झाला? लोकांनी काटा फिरवला आणि सिलोन लावले. पाच वर्षांनी, 1957 मध्ये, सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आमच्या बैठकीतल्या त्या मुलीला काटा फिरवायला लंकेपर्यंत जावे लागणार नाही. ती फक्त पुढच्या वर्षी येणार नाही, एवढेच.

राहता राहिले ‘शेकी’. त्याच्या नावाने नाक मुरडणारे बरेच होते, आम्हीही होतो. लेख लिहायचा म्हणून आम्ही ते तीनदा ऐकले. शब्दांत काव्य फारसे नाही, आणि ते तिसऱ्यांदाही सापडले नाही. पण ठेका धरून ठेवतो, आणि भाषा खरोखर बोलली जाते ती आहे, निबंधातली नव्हे. याच जळगावकडच्या तरुणाच्या 2024 च्या ‘गुलाबी साडी’वर हुबळीतल्या एका लग्नात सगळे कानडी वऱ्हाड नाचताना आम्ही पाहिले. मराठी शब्द त्यांच्या तोंडी होते, चुकत का होईना. आमच्या मंडळाने इतक्या वर्षांत एकाही कानडी शेजाऱ्याच्या तोंडी एकही मराठी ओळ घातली असेल तर ती आम्हांला दाखवावी.

आता आमची स्वतःची यादी. एक : ‘गांधारी’च्या तबकडीवरचे भावगीत. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाईंचा जो भरदार, पुरुषी म्हणावा असा आवाज जगाने ऐकला, त्याआधीचा तो पातळ, उंच गळा या वर्षी प्रथमच लक्ष देऊन ऐकला आणि दोन्ही आवाज एकाच बाईचे यावर विश्वास बसेना. दोन : ‘मानापमान’मधले एक पद. 2025 च्या जानेवारीत त्यावरचा चित्रपट आला. त्यातल्या वाद्यांच्या गर्दीत आमचा जीव गुदमरला, पण घरी येऊन गोविंदराव टेंब्यांच्या 1911 च्या चाली पुन्हा ऐकल्या, हे त्या चित्रपटाचे ऋण. तीन : धारवाडच्या पं. व्यंकटेश कुमारांच्या आवाजातले एक कानडी दासपद; सम येण्याआधी ते जे क्षणभर थांबतात त्यासाठी. चार : ‘शेकी’, वरील सर्व आक्षेपांसह. पाच : शरीफांचे ते तत्त्वपद. हे आमचे नाही, त्या मुलीचे आहे. तिने अर्थ सांगितला नसता तर साठ वर्षे कानडी मुलखात राहूनही आम्हांला ते कळले नसते.

येत्या सर्वसाधारण सभेत गेल्या बैठकीच्या इतिवृत्ताला दुरुस्ती सुचवणारा ठराव आम्ही मांडणार आहोत : गळलेली तीन गाणी, त्यांच्या निरूपणाच्या सारांशासह, नोंदली जावीत. ठरावाला अनुमोदक हवा आहे. इच्छुकांनी सभेपूर्वी आमच्याकडे नाव द्यावे.