शीतपेय नको, माठातले पाणी द्या!

जळगावचे मेहरूण म्हटले की लोकांना तलाव आठवतो, बोरे आठवतात. आम्हाला मात्र तेथल्या एका मावशींचा चेहरा आठवतो. भर वैशाखातली दुपार होती. त्यांच्या नातवाच्या जात पडताळणीचे कागद पाहण्यासाठी आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. आम्ही खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच मावशींनी धाकट्या नातवाच्या हातात नोट कोंबून त्याला दुकानात पिटाळले. पोरगा कोल्ड्रिंकची थंडगार बाटली घेऊन आला. ते काळे, फेसाळ पेय पेल्यात ओतले गेले. आम्ही हात जोडून म्हणालो, "मावशी, आम्ही हे घेत नाही." घरात क्षणभर शांतता पसरली. मग मावशी हळूच म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत नाही का, वकीलसाहेब?"

हा प्रश्न वरवर साधा असला तरी त्यामागे शेकडो वर्षांचा इतिहास उभा आहे. आपल्या हातचे पाणी नाकारले गेले आणि आपल्याला पाणी नाकारले गेले, असा तो दुहेरी इतिहास आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमरावाला जवळ अन्न असूनही वाटेत पाणी मिळाले नाही, म्हणून उपाशी झोपावे लागले. त्याच भीमरावाने २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या समाजाचा मुक्तिलढा पाण्यापासून पेटला, त्या समाजाच्या घरात पाहुण्याने पेला परत केला तर तो घाव कोठे बसतो, हे आम्हाला सांगायला नको.

पण येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. वस्तीत मते मागायला येणारे पुढारी, पाहणीला येणारे अधिकारी यांच्यापुढे माठातल्या पाण्याचा पेला धरला की त्यातले अनेकजण "आत्ताच घेतले" म्हणून हात हलवतात. सीलबंद बाटली आली की मात्र तेच हसतमुखाने घेतात. कारण बाटलीला कंपनीचे झाकण असते, आपला हात आतल्या पेयाला लागलेला नसतो! सगळेच असे वागतात असे नाही. परंतु जे वागतात त्यांची ही अस्पृश्यता न्यायालयात सिद्ध करणे महाकठीण. यातून आपल्या आयाबहिणी नकळत एक धडा शिकल्या. घरचे पाणी नाकारले जाऊ शकते, दुकानातली बाटली नाकारली जात नाही. म्हणून बाटली ही सन्मानाची खूण झाली. हातावर पोट असलेल्या घरातही पाहुण्यासाठी आधी बाटली येते.

मग ही बाटली आम्ही का नाकारतो? कारण आरोग्याचे आहे. नेहमीच्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ती ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. येथे एका ग्लासातच दिवस संपतो! चहातली साखर वेगळीच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तो आता बंगल्यांपुरता राहिलेला नाही, आपल्या वस्त्यांत शिरला आहे.

साखरेखेरीज इतरही कारणे आहेत. पेयातल्या आम्लाने दातांचे कवच झिजते. वायूमुळे अनेकांची आम्लपित्ताची जळजळ वाढते. कोलात फॉस्फरिक आम्ल असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टर ते टाळायला सांगतात. 'एनर्जी ड्रिंक'मध्ये कॅफीन इतके असते की मुलांनी आणि गर्भवतींनी घेऊ नये अशी सूचना डब्यावरच छापावी लागते. ती बारीक अक्षरे वाचतो कोण? आणि ज्यांना जुने आठवते त्यांच्या मनात ऑगस्ट २००३ अजून ताजा आहे. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने दोन बड्या कंपन्यांच्या १२ शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले होते. कंपन्यांनी इन्कार केला. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये ते निष्कर्ष बरोबर ठरवले.

कायदा काय म्हणतो? शीतपेयांविषयीच्या जनहित याचिकेवर २२ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित अन्नाचा प्रश्न संविधानाच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काशी जोडला. जनतेचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य, असे ४७ वे कलम सांगतेच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार साखर, मीठ वा चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. आपल्या मुलांच्या शाळेसमोरच्या टपरीवर काय टांगले आहे, हे एकदा तरी पालकांनी जाऊन पाहावे.

परंतु हा प्रश्न केवळ कायद्याने सुटणारा नाही. त्याचे मूळ आपल्या आदरातिथ्यात आहे. आणि याविषयीचा सर्वात मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावला घडलेला आहे. १९२९ साली बाबासाहेब तेथे उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी महाराला टांग्यातून नेण्यास नकार दिला. आपला नेता महारवाड्यापर्यंत पायी चालत जावा, हे आपल्या लोकांना सहन होईना. त्यांनी टांगेवाल्याशिवाय टांगा मिळवला आणि तो हाकायला आपल्यातलाच, सवय नसलेला माणूस बसवला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. पुढे ही हकीकत लिहिताना बाबासाहेबांनी लोकांच्या प्रेमाला दोष दिला नाही. पण पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात त्याच्या जिवाच्या सुरक्षिततेचा विसर पडला, हे त्यांनी निःसंकोचपणे नोंदवले.

आज घरोघरी तोच टांगा पुन्हा हाकला जात आहे. मान राखायचा म्हणून मधुमेही पाहुण्यापुढे आपण साखरेचा पेला धरतो, आणि उरलेली बाटली पोरांना वाटून टाकतो. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरच्या वर्षांत किती पोखरले होते, हे आपण जाणतो. तसल्या शरीराने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले. त्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत लहान मुलांना रंगीत साखरपाणी वाटणे आपल्याला शोभते काय?

काहीजण विचारतील, पंचशीलात मद्य वर्ज्य आहे, कोल्ड्रिंक कोठे वर्ज्य आहे? बरोबर आहे. आम्ही बंदी मागत नाही, विवेक मागतो. विनयपिटकातील महावग्गात भगवंतांनी भिक्खूंना आठ पेयांची अनुमती दिली आहे. त्यांत आंबा, जांभूळ, द्राक्ष आणि केळी यांची पेये आहेत. केळीच्या खानदेशाला पेयासाठी बाटलीच्या दारात उभे राहण्याची गरज काय? ताक आहे, लिंबू-पाणी आहे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने फळांचा रस घेण्याआधीही डॉक्टरांना विचारावे, एवढेच.

जयंती मंडळांना आमची विनंती आहे. यंदा पाणपोईवर थंड पाणी आणि ताक ठेवा, पुरस्कर्त्याच्या बाटल्या परत पाठवा. कार्यकर्त्यांना विनंती, कोणाच्या घरी शीतपेय नाकारायचे असेल तर नुसते "नको" म्हणून थांबू नका. पाणी मागा आणि ते त्या घरातच प्या.

त्या दिवशी मेहरूणला आम्ही तेच केले. म्हणालो, "मावशी, मला साखरेची बंदी आहे. तुमच्या माठातले पाणी द्या, तेवढ्यासाठी तर उन्हात आलो." मावशींनी स्वतः उठून माठ उघडला. आम्ही एकामागून एक दोन पेले प्यालो. तिसरा त्यांनी न विचारताच भरला. मग कागद काढून आम्ही कामाला लागलो.

जयभीम!