ईश्वराची हांक आणि मनाची हौस

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं माझा एक विद्यार्थी घरीं आला. ख्रिस्ती कुटुंबांतला, हुशार, अबोल मुलगा. पदवीचें शेवटचें वर्ष. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानें सांगून टाकलें, “सर, मीं तीन आठवडे प्रार्थना केली आणि मला माझें पाचारण समजलें. आतां परीक्षा न देतां मी सेवेला जाणार.” कसली सेवा, कोठें आणि कोणाची, असें विचारलें तेव्हां तो म्हणाला, “तें पुढें कळेल.” दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील आले. बँकेंतले अधिकारी; रविवारची उपासना कधीं न चुकविणारे. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, प्रार्थना मीहि करतों. पण प्रार्थनेनें कोणाचा धंदा ठरल्याचें मीं पाहिलें नाहीं. आधीं पदवी, मग नोकरी; भक्ति काय, ती करायला जन्म पडला आहे.”

मी ख्रिस्ती नाहीं. पण ज्या वाङ्मयाच्या अध्यापनांत माझी हयात गेली तें बायबलावांचून समजत नाहीं, म्हणून या धर्माच्या विचाराशीं माझा जुना परिचय आहे. त्या बळावर मला असें म्हणावयाचें आहे कीं, पितापुत्र दोघेहि चुकत होते, आणि चूक एकच होती. प्रार्थना म्हणजे जणूं एक डाकघर आहे; अर्ज टाकला कीं ईश्वराकडून नेमणुकीचा हुकूम येतो, अशी दोघांचीहि कल्पना. मुलाला हुकूम मिळाल्यासारखा वाटला, बापाला असे हुकूम येत नाहींत हें ठाऊक होतें, एवढाच काय तो फरक. ख्रिस्ती परंपरेंतील ज्यांचीं चरित्रें आपण आदरानें वाचतों, त्यांचा अनुभव या डाकघरी कल्पनेला मुळींच पोषक नाहीं.

बायबलांतील शमुवेलाची कथाच घ्या. पोरवयाच्या शमुवेलाला रात्रीं हांक ऐकूं येते. तो उठून वृद्ध गुरु एलीकडे धांवतो, कारण हांक त्यानेंच मारली असें त्याला वाटतें. असें तीनदां घडतें. तिसऱ्या खेपेस ही हांक कोणाची हें ओळखतो तो एली, शमुवेल नव्हे. म्हणजे जिच्यावर पाचारणाचीं हजारों प्रवचनें झालीं त्या कथेंतच ऐकणाऱ्याला हांकेचा अर्थ एकट्याला कळत नाहीं. वडीलधाऱ्या माणसाची साक्ष लागते. आणि तो वडीलधारा कसा? ज्याची दृष्टि मंदावली आहे, ज्याचे स्वतःचे मुलगे बिघडले आहेत असा. तरीहि त्याच्यावांचून भागत नाहीं. माझा विद्यार्थी तीन आठवडे एकटाच दार लावून बसला होता, हें येथें लक्षांत घ्यावें.

दुसरें उदाहरण इग्नेशियस लोयोला याचें. १५२१ त पांपलोनाच्या लढाईंत पाय मोडून तो अंथरुणाला खिळला. शौर्याच्या व प्रेमाच्या कल्पनांत रमतांना मन त्या वेळेपुरतें फुलून येई आणि मागाहून कोरडें पडे. साधुसंतांचीं चरित्रें वाचून उठलेली उमेद मात्र मागें टिके. पुस्तक मिटल्यावर काय उरतें या निरीक्षणावर त्याचें पुढचें सारें साधनशास्त्र उभें राहिलें. त्याला वाटूं लागलें कीं, यरुशलेमेंत राहून लोकांचें कल्याण करणें हेंच आपलें जीवितकार्य. १५२३ त तो तेथें पोंचलाहि. पण तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यानें त्याला परत जाण्याचा हुकूम केला आणि त्यानें तो मानला. पुढच्या वर्षीं, तिशी उलटलेला हा सरदारपुत्र बार्सेलोनांत पोरांच्या पंक्तीला बसून लॅटिनचीं रूपें घोकूं लागला, कारण शिक्षणावांचून लोकांच्या उपयोगीं पडतां येणार नाहीं हें त्याला उमगलें होतें. ईश्वराच्या हांकेसाठीं परीक्षा टाकून निघालेल्यांनीं या गृहस्थाचा विचार जरूर करावा. हांक ऐकल्यावर तो शाळेंत गेला!

फ्लॉरेन्स नाइटिंगेलची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, वयाची सतरा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, ईश्वरानें आपल्याला त्याच्या सेवेस बोलाविलें अशी नोंद तिनें करून ठेवली. पण सेवा कोणती? हें त्या दिवशीं तिला कळलेलें नव्हतें. रुग्णसेवेचा निश्चय होण्यास कांहीं वर्षें लागलीं. त्यानंतर आई व बहीण आडव्या आल्या, कारण त्या काळीं इस्पितळांतली चाकरी कुलीन घराण्याला लज्जास्पद वाटे. १८५१ त जर्मनींतील कैसर्सवर्थ येथें तीन महिने शिक्षण, १८५३ त लंडनच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था, आणि १८५४ त क्रिमिया. हांक आणि पहिलें जबाबदारीचें काम यांमध्यें सोळा वर्षें गेलीं. या काळांत तिनें नुसती वाट पाहिली नाहीं. पहाटे उठून इस्पितळांचे अहवाल वाचले, टिपणें काढलीं. पुढें युद्धांतील मृत्यूंचे तक्ते मांडून तिनें दाखवून दिलें कीं, शिपाई जखमांपेक्षां घाणीनें व रोगानें अधिक मेले. आणि १८५८ त लंडनच्या सांख्यिकी संस्थेनें तिला आपली पहिली स्त्री-सदस्य म्हणून निवडलें. जिची प्रार्थना अंकगणितापर्यंत पोंचली तिला भोळसट म्हणण्याचें धाडस कोणी करील काय?

आतां आपल्या घरचीं उदाहरणें. पंडिता रमाबाईंचें नांव घेतलें कीं कोणी म्हणतात, ख्रिस्ताची हांक आली म्हणून त्या विधवांच्या कार्याला लागल्या. सनावळ्या तसें सांगत नाहींत. दुष्काळांत आईबाप गमावून अनवाणी भटकलेल्या, पतिनिधनानंतर तान्ही मुलगी घेऊन १८८२ त पुण्याला आलेल्या रमाबाईंनीं त्याच वर्षीं आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली. बाप्तिस्मा झाला तो १८८३ च्या सप्टेंबरांत, इंग्लंडांतील वाँटेज येथें. कार्य आधीं दिसलें, धर्म मागून आला. आणि तो येण्यास, पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथील भगिनी कशा वागवितात हें प्रत्यक्ष पाहणें पुष्कळसें कारण झालें. शिवाय बाप्तिस्म्यानंतर त्या आज्ञाधारक झाल्या म्हणावें, तर तेंहि नाहीं. वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. आपली विवेकबुद्धि मीं कोणाच्या हवालीं केलेली नाहीं, हा त्यांचा सूर तेथें कायम आहे. मुंबईला १८८९ त शारदासदन निघालें. त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी पुढें आनंदीबाई कर्वे झाली. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन परतल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून वाढलें. रमाबाई प्रार्थना करीत, फार करीत. पण त्या प्रार्थनेनें त्यांना जें ऐकूं आलें तें दुष्काळांतल्या पोरींचें रडणें होतें, आणि तें रडणें एके काळीं त्यांचें स्वतःचें होतें.

मात्र त्यांचा पक्ष घेतांना दुसरी बाजू झांकणें बरोबर होणार नाहीं. १८९३ त शारदासदनाच्या सल्लागार मंडळांतून रानडे व भांडारकर बाहेर पडले तेव्हां त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. धर्माच्या बाबतींत संस्था तटस्थ राहील या विश्वासानें पालकांनीं मुली ठेवल्या होत्या. ज्याला हांक आली त्याच्या उत्साहाची झळ, ज्याला ती आली नाहीं त्याला लागते, हें येथें दिसतें.

हीच गोष्ट रेव्हरंड टिळकांच्या घरांत किती तीव्रतेनें घडली हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईंत टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला. हांक त्यांना आली; वनवास लक्ष्मीबाईंना घडला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरांत मूल, आणि भोंवतीं सारा नातेवाइकांचा गलबला! त्या पांच वर्षांचा हिशेब टिळकांच्या कवितेंत नव्हे, बाईंच्या हंसऱ्या गद्यांत सांपडतो. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या धाकानें नव्हे. जातिभेद ईश्वरानें केलेला नाहीं हें त्यांच्या मनानें आपल्या पावलांनीं चालत जाऊन गांठलें तेव्हां. मला विचाराल तर त्या घरांतील अधिक निर्मळ पाचारण लक्ष्मीबाईंचें होतें. त्यांना कोणताहि साक्षात्कार झाला नाहीं, घाई नव्हती, आणि त्यांच्या निर्णयाची किंमत दुसऱ्या कोणावर पडली नाहीं. टिळकांचें मोठेपण मी कमी लेखीत नाहीं. १९१७ त मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडण्याची हिंमत सामान्याची नव्हे. पण ज्याला ईश्वर बोलावतो त्यानें मागें राहणाऱ्यांच्या चुलीची चौकशी करूं नये, असें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे?

येथें बुद्धिवादी वाचक म्हणेल, “तुम्हीच कबूल करितां कीं, हांक फसवी असूं शकते, मग ती मानावी कशाला?” प्रश्न योग्य आहे, आणि नवा नाहीं. १५०५ त वादळांत वीज कोसळली तेव्हां भयानें मार्टिन ल्यूथरनें संन्यास घेण्याचा नवस केला. मुलानें वकील व्हावें ही बापाची इच्छा होती. १५०७ त मुलाच्या पहिल्या मिस्साच्या वेळीं बापानें तोंडावर शंका काढली कीं, ती सैतानाची भूल नव्हती कशावरून? आणि १५२१ त त्याच ल्यूथरनें बापाला उद्देशून लिहिलेल्या पत्रांत तो नवस आपण स्वेच्छेनें केला नव्हता हें कबूल केलें. फसवणुकीची शंका धर्माच्या बाहेरूनच येते असें नाहीं. धर्माच्या घरांतच ती वाढली आहे. पुढें त्यानें शिकविलें कीं, पाचारण मठांतल्यांनाच नसतें. श्रद्धेनें तान्ह्या मुलाचीं दुपटीं धुणारा बापहि ईश्वराचेंच काम करतो. विचार थोर आहे. परंतु त्यांतहि एक खांच आहे. जो जेथें आहे तेथेंच त्याचें पाचारण, असें म्हणूं लागलें कीं त्याचा अर्थ ‘जागेवरून हलूं नकोस’ असा होण्यास वेळ लागत नाहीं. आपल्याकडे स्वधर्म या उदात्त शब्दाची जन्मजातीच्या खुंटाशीं काय गत झाली हें सांगावयास नको. रमाबाई आणि नाइटिंगेल यांना लोकांनीं आंखून दिलेल्या जागेवरून उठविलें तें प्रार्थनेनेंच. म्हणून माझ्या मतें खऱ्या हांकेची एक खूण अशी कीं, ती माणसाला दुसऱ्याच्या दुःखाजवळ नेते. आपल्याच मनाच्या कौतुकांत जी बसवून ठेवते ती हौस होय.

आणि बुद्धिवाद्यांना माझा उलट प्रश्न आहे. आपल्या सुशिक्षित घरांत मुलांचे धंदे ठरतात ते कोणत्या बुद्धीनें? गुणपत्रिकेंतल्या आंकड्यानें, शेजाऱ्याच्या मुलाच्या पगारानें, आणि घरांत कोणी नसतांना चोरून दाखविलेल्या पत्रिकेनें! “याला काय आवडतें?” हें एक वेळ विचारलें जाईल, “याची गरज कोणाला आहे?” हें कोणी विचारीत नाहीं. ज्यानें गर्दीकडे पाहून मुलाला एका रांगेंत उभें केलें, त्यानें प्रार्थना करणाऱ्याला अंधश्रद्ध म्हणूं नये. तो निदान थांबतो; आपली इच्छा आणि आपलें कर्तव्य यांमध्यें कांहीं अंतर असूं शकेल अशी शंका घेतो. शंका घेणें हें बुद्धीचें पहिलें काम ना? मग तें प्रार्थनेच्या कोठडींत घडलें म्हणून त्याची थट्टा कां?

त्या दोघांना त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं; तें आज देतों. मुलाला मी म्हणेन: बाबा, प्रार्थना सोडूं नकोस, पण परीक्षा दे, कारण अर्धवट सोडलेलें काम ही कोणाचीच हांक नसते. मग सुटींत, जेथें तुझी गरज आहे असें तुला वाटतें तेथें जाऊन तीन महिने राहा. रुग्णाचीं भांडीं घांस, हिशेब लिही, टाकून बोललेलें ऐक. तुला ओळखणाऱ्या दोन शहाण्या माणसांना, त्यांत तुझ्या आईला, विचार. आणि तुझ्या जाण्यानें घरांत कोणाच्या तोंडचा घांस जाणार असेल तर आधीं त्याची तजवीज लाव. वडिलांना मी म्हणेन: साहेब, ज्या देवाची आपण दर रविवारीं स्तुति करतां, तो आपल्याच मुलाशीं बोलणार नाहीं अशी खात्री कशावरून बाळगतां? त्याला मुदत द्या, तिकिटाचे पैसे द्या. तीन महिन्यांनीं परत आल्यावरहि ती हांक त्याला ऐकूं येत असेल, तर आपण वाट अडवूं नये. आणि ऐकूं येत नसेल, तर त्यानें तसें सांगण्यास लाजूं नये, व आपण त्याला हंसूं नये.