पासवर्ड गेला म्हणून मुकाट पैसे मोजू नका

कापडाच्या धंद्यात खातेवहीची जागा आता संगणकाने घेतली आहे. गाठींचा साठा, सुताची खरेदी, उधारी, जीएसटीचा हिशोब, सारे डेटाबेसमध्ये. पुष्कळ ठिकाणी तो लिनक्सच्या सर्व्हरवर मायएसक्यूएलमध्ये असतो. सर्व्हर बसवून देणारा माणूस काम सोडतो, त्याच्याबरोबर मुख्य पासवर्डही जातो, आणि घाबरलेला मालक तो मागेल ती रक्कम देऊन मोकळा होतो. आमच्या मते हा दंड भरण्याचे काही कारण नाही.

जुना पासवर्ड शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. तो जसाच्या तसा कोठे लिहिलेला नसतो. त्याचा हॅश साठवलेला असतो आणि त्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही. नवा पासवर्ड बसवता येतो. त्यासाठी लिनक्सचा रूट अधिकार आपल्या हाती हवा. लिनक्सचा रूट वेगळा, मायएसक्यूएलचा रूट वेगळा. नाव एकच म्हणून भलेभले इथे फसतात.

आधी डेटाबेसची सर्व्हिस बंद करून डेटाची डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. मग बहुतेक कारागीर 'स्किप-ग्रँट-टेबल्स' लावून सर्व्हिस सुरू करतात, 'फ्लश प्रिव्हिलेजेस' देतात, 'अल्टर यूजर'ने नवा पासवर्ड बसवतात आणि तो पर्याय काढून सर्व्हिस पुन्हा चालू करतात. काम होते, पण तेवढा वेळ दुकान सताड उघडे असते, कोणीही पासवर्डशिवाय आत येऊ शकतो. 8.0 आवृत्तीत अशा वेळी नेटवर्क आपोआप बंद राहते. जुन्या आवृत्तीत 'स्किप-नेटवर्किंग' स्वतः लावावे लागते. म्हणून आम्हाला 'इनिट-फाइल'ची पद्धत पसंत आहे. बदलाचा आदेश एका फाइलीत लिहायचा, सर्व्हर सुरू होताना तो वाचतो, दार कधी उघडे पडत नाही. नंतर ती फाइल पुसून टाकायची, कारण पासवर्ड तिच्यात उघडा लिहिलेला असतो. (आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, हे आदेश आम्हीही कागदावर उतरवूनच समजून घेतले.)

बिलाचा प्रोग्राम त्याच रूट खात्याने जोडलेला असेल तर त्याच्या सेटिंगमध्येही नवा पासवर्ड घालावा, नाहीतर सकाळी बिल निघणार नाही. खरे तर प्रोग्रामला वेगळे, कमी अधिकाराचे खाते द्यावे.

दुसरी बाजूही पाहा. मालकाला जे जमते ते सर्व्हरवर रूट म्हणून बसणाऱ्या कोणालाही जमते. त्यामुळे सर्व्हरची खोली कुलपात हवी, आणि माणसाचा शेवटचा पगार चुकता करण्याआधी दोन्ही रूटचे पासवर्ड त्याच्यासमोर चालवून पाहून लिफाफ्यात बंद करून तिजोरीत ठेवावेत.