‘डॉक्टर, पेशंटला काही सांगू नका!’

दुर्धर आजाराचे निदान झाले की नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेतात आणि हळूच म्हणतात, “पेशंटला काही सांगू नका, खचून जाईल.” त्यामागची माया खरी असते. तरीही ही रीत मला पटत नाही. का, ते इंग्लंडमधल्या एका खेळाडूच्या हकिगतीवरून पाहा.

रॉब बरो हा लीड्स ऱ्हायनोज संघाचा रग्बी लीग खेळाडू. तेरा-तेरा जणांचा हा खेळ धिप्पाड गड्यांचा, त्यात हा अवघा पाच फूट पाच इंचांचा! २००१ ते २०१७ या काळात तो लीड्सकडून ४९२ सामने खेळला आणि संघाबरोबर आठ वेळा सुपर लीगचा विजेता ठरला. निवृत्त होऊन दोनच वर्षे झाली आणि त्याची जीभ जड होऊ लागली. डिसेंबर २०१९ मध्ये निदान झाले, मोटर न्यूरॉन डिसीज. वय ३७, पदरी तीन लहान मुले.

या रोगात मेंदू व मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हातपाय, वाचा, गिळणे आणि शेवटी श्वास, सारे हळूहळू थांबते. बहुतेकांची बुद्धी मात्र शाबूत राहते. बरे करणारे औषध नाही. रिल्युझोलने वेग थोडा मंदावतो. स्टीफन हॉकिंग याच रोगासह पन्नासहून अधिक वर्षे जगले, पण तो विरळा अपवाद. (खेळातल्या माराने हा रोग होतो का? तसे सिद्ध झालेले नाही. मात्र डोके आपटलेल्या पोराला त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, मग खेळ कबड्डी का असेना.)

बरोला एक-दोन वर्षांची मुदत स्पष्ट सांगितली गेली. त्याने ती लपवली नाही. जानेवारी २०२० मध्ये लीड्सच्या मैदानावर तो शेवटची काही मिनिटे खेळला. वाचा गेल्यावर जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलेल्या स्वतःच्याच आवाजात, डोळ्यांनी अक्षरे निवडून तो यंत्राद्वारे बोलत असे. त्याचा कप्तान केविन सिनफील्ड डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला व या रोगासाठी निधी उभा केला. २ जून २०२४ रोजी बरो गेला, वयाच्या ४१ व्या वर्षी.

हे सारे घडले, कारण ज्याचा आजार त्याला तो ठाऊक होता. आपल्याकडे मात्र रुग्णाला “अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या” म्हणून घुमवत ठेवतात. त्याला सारे कळतच असते, फक्त बोलायला कोणी उरत नाही. पुढे वाचाच जाते. मग पोटात नळी घालायची का, श्वासाचे यंत्र लावायचे का, हे त्याला विचारणार कसे?

तेव्हा बोलणे अडखळणे, हाताची पकड ढिली पडणे, स्नायू झिजणे वा सतत फडफडणे वाढत चालले, तर मालीश-काढ्यात महिने घालवू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि निदान ऐकायला आत जाताना रुग्णालाही बरोबर न्या.